चोथा

सुमेधच्या पहिल्या वाढदिवसाची टेप.
कन्नमवार नगर, तळमजल्यावरची खोली,
एकवीस मिनिटं आणि शेवटी मुंग्या.
कॅमेरा पप्पांच्या मस्कतवाल्या दोस्ताचा,
दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला,
परत देताना रुमालात गुंडाळून दिला होता.

मुलुंडच्या एका माणसाने साडेचारशे रुपयांत
ती टेप पेनड्राइव्हवर उतरवून दिली,
सुमेधने हौसेने इंटरनेटवर टाकली,
आणि अर्ध्या तासात आवाज बंद.
गाण्याच्या मालकाची हरकत.
कसलं गाणं? आम्ही तर केकभोवती
नुसते बेसूर ओरडत होतो.

नीट ऐकलं तर होतं की.
पलीकडच्या तांडेलांनी त्याच आठवड्यात
दोन स्पीकरचा डेक आणला होता
आणि अख्ख्या बिल्डिंगला तो कानांनी दाखवत होते.
एकच कॅसेट, तिची एकच बाजू.
आई मध्येच उठून भिंतीवर लाटणं आपटते,
दोनदा. डेक अजून मोठा होतो.

आता हे काढायचं कसं?
ऑफिसातल्या झुबेरने एक सॉफ्टवेअर सांगितलं,
फुकटातलं. ते आवाजाच्या दोन पेट्या करतं,
एकीत माणसं, एकीत संगीत.
रात्री अकरानंतर लावून दिलं.
लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा फिरत राहिला
आणि मी टक्के सरकताना बघत बसले,
कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी.

माणसांची पेटी उघडली.
सगळे पाण्याच्या टाकीत डोकं घालून बोलल्यासारखे,
पण स्वच्छ.
कमलमावशी म्हणतेय, मेणबत्ती त्याच्या नाकापासून लांब धरा गं.
कुणाचा तरी फुगा. सुमेधचं रडणं.
मी, सात वर्षांची, गुलाबाची फुलं मलाच हवीत म्हणून
घसा फोडतेय. क्रीमची होती ती, पिवळट.

आईने हेडफोन कानाला उलटा लावून ऐकलं.
म्हणाली, सगळे आहेत.
मग म्हणाली, हे कुठेत?

ते कॅमेऱ्यामागे, आई. कसे दिसतील.

दिसायचं कोण बोलतंय, म्हणाली.
गप्प बसणारा माणूस होता का तो?

खरंच, एक शब्द नाही त्यांचा.
एकवीस मिनिटांत कुणाला ‘इकडे बघ’ सुद्धा नाही.
आणि लाटणंही ऐकू आलं नाही,
हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी पेटी पुसायला घेतली होती.
आई चहा गाळत होती, तिथूनच म्हणाली,
चोथा लगेच फेकू नये.
ती तो कढीपत्त्याला घालते.

म्हणून उघडली.

व्हायोलिनं, ढोलकी, तांडेलांची भिंत,
आणि त्या सगळ्याच्या पुढे, अगदी माइकला चिकटून,
मिटल्या तोंडाने कुणीतरी गुणगुणतंय.
अर्धी मात्रा मागे.
अंतरा आला की चाल विसरून
धृवपदाचीच परत ओढणारं.

कंपनीतली रात्रपाळी, मशीनच्या घरघरीत
वीस वर्षं कुणाला ऐकू न जाता गुणगुणण्याची सवय.
यंत्राला ते वाद्य वाटलं.
पप्पा जाऊन सहा वर्षं झाली,
आणि मी त्यांच्यावर बोट ठेवून बसले होते,
नक्की काढून टाकायचं का? होय. नाही.

आई ओट्याला टेकून उभी राहिली.
मी तर भांडायला गेले होते तांडेलांशी, म्हणाली,
आणि हे इथे...

चौदाव्या मिनिटाला लाटणं आलं.
तेही याच पेटीत. ताल समजून घेतलं होतं त्याला.
ठक. ठक.
गुणगुणणं थांबतं.
टेपमध्ये तिथे चित्र जरा हलतं,
हसू दाबताना खांदा हलावा तसं.
मग परत सुरू, पण बारीक,
बायकोला ऐकू जाणार नाही इतपत.

सुमेधला माणसं पाठवली. खूश आहे.
दुसरी फाइल आईच्या फोनवर आहे.
नाव काय देऊ विचारलं,
तर ती गाळणं धूत होती.