शेरा

मालाड, अकरावा मजला. तक्रारींचा डेस्क
क्लाउडला जोडत बसलोय रात्रभर:
इकडचं तिकीट तिकडच्या ग्राहकाला,
नाव नावाला, पिनकोड पिनकोडला.
तीन वाजता सिंकचा दिवा हिरवा झाला.

एक रकाना तेवढा लोंबकळत राहिला. शेरा.
तिकडे त्याला जागाच नाही.

उघडून पाहिलं.
तिकीट ४०७१७, मेहरू बाटलीवाला, ताडदेव,
पाण्याचा फिल्टर गळतो.
खाली डेस्कवरच्या वृषाली खडपेनं टंकलेलं,
'फोन वाजू द्या. वॉकर धरून येतात.
पंधरा रिंगा तरी.'

तिकडचा नियम: पाच रिंगा, मग तिकीट बंद.

नवा रकाना काढला. नाव दिलं, रिंगा.
स्क्रीननं विचारलं, प्रकार कोणता,
मजकूर, तारीख की संख्या?

संख्या.
पंधरा.