विटकरी

उदगीरला, पाणी तपासणीच्या खोलीत
शेवंताबाई बिरादार सरकीच्या तेलाच्या कॅनमधून
बोअरचं पाणी घेऊन आल्यात.
चहा मचूळ. डाळ दोन तास रटरटते, शिजत नाही.
'काय निघूलालंय त्यात, तेवढं सांगा.'

डाळीचा दोष वेगळा, तो उद्या बघू.
आज मीठ.
शंकुपात्रात पन्नास मिली घेते,
क्रोमेटचे थेंब टाकते, पाणी हळदीचं होतं.
ब्युरेटमध्ये चांदी, विरघळलेली, दिसत नाही;
माझ्या बोटांची टोकं मात्र
आठ वर्षं काळी आहेत तिच्यापायी.
लग्नात मेंदीवाली म्हणाली होती,
तुम्हाला तर आधीच चढलीय.

पात्रात दोघं चांदीची वाट बघतात:
बोअरमधलं क्लोराइड, मी टाकलेलं क्रोमेट.
आधी खाली कोण बसणार?

कॉलेजात मी इथंच चुकले.
तक्त्यात क्रोमेटचा विद्राव्यता गुणाकार
दीडशेपट लहान,
म्हणून फळ्यावर ठोकून लिहिलं: क्रोमेट.
देवणीकर सर खडू पुसत म्हणाले,
'त्याला चांदी किती लागते?'
दोन.
आणि गुणाकारात ती स्वतःशीच गुणली जाते.
वर्गमूळ काढता काढता तास संपला,
क्लोराइड कितीतरी आधी तळाशी जाऊन बसलेलं.

थेंब. पांढरं, नासल्या दुधासारखं.
थेंब पडतो तिथं क्षणभर लाल उमटतं.
'झालं की हो लाल!'
'थांबा.' हलवते. विरतं.
क्रोमेटनं घेतलेली चांदी
क्लोराइड परत काढून घेतं.

एक्केचाळीस पूर्णांक दोनला
लाल आलं ते गेलं नाही.
भट्टीतून आत्ताच काढलेल्या विटेचा रंग.

'म्हणजे मीठ सगळं बसलं.'
'सगळं नाही. हजारात एखादं अजून वर फिरतंय.
ते बसतच नसतं.'
'मग तुम्ही मोजलं काय?'
'बसलं ते.'

व्यंकटी गढूळ पाणी मोरीखालच्या
तपकिरी बाटलीत ओततो, सांडू देत नाही.
वर्षाकाठी एका जोडव्याची चांदी निघेल म्हणतो.
अजून कुणी काढून बघितलेली नाही.

शेवंताबाई कॅन विसळतात,
आमच्या नळाखाली धरतात, भरतात.
'ह्याला कुठलं पाणी हाय?'

ते मी कधी तपासलेलं नाही.