विषय : पाने चिकटवण्याबाबत

परिपत्रक दीड ओळीचं.
पान एकसष्ट ते चौसष्ट
पुढील आदेशापर्यंत शिकवू नये.
शिक्क्याची शाई अजून ओली होती.

हेडबाईंनी डिंकाच्या बाटल्या मागवल्या.
सातवी ब, बेचाळीस पोरं, सोलापूरचा एप्रिल;
डिंक कागदावर पडायच्या आधीच सुकायचा.

काय होतं त्या चार पानांत?
गावाच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण,
आत माणसं,
आईच्या पोटातच गुन्हेगार ठरलेली.
गिरणीच्या भोंग्याला बाहेर, भोंग्याला आत,
रात्री कंदील नाचवत हजेरी,
तापानं फणफणलेल्याचीसुद्धा.
गुलामी हा शब्द पुस्तकात नव्हता.
तो मी वापरला. एवढी कबुली देतो.

मोर्चेकरी म्हणाले, शहराची बदनामी.
त्यांचा घसा बसला होता, माठातलं पाणी दिलं.
त्यांचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी यल्लाप्पा जाधव आला,
टॉवेलच्या कारखान्यातून थेट,
भुवयांवर कापसाचा भुगा.
सायकल स्टँडला लावलीच नाही.
"सर, तुमचं खोटं न्हाई.
पर त्या धड्यानंतर कुणाचा तरी कंपास हरवला
आन् एक्केचाळीस माना
माझ्या पोरीकडं वळल्या.
तार तोडली म्हणता ना सरकारनं?
कुठं टाकली ती, इचारा की."

मी विचारलं नाही कुणाला.
रात्री पुस्तक दिव्यासमोर धरलं.
म्युनिसिपालटीचा डिंक,
चिकटलेल्या पानांतली अक्षरं
उलटी का होईना, दिसत होती.

सकाळी हजेरी.
गुंडेटी श्रावणी. हजर.
शेख तमन्ना. हजर.
जाधव मोनाली.
ती उभी राहिली, बाकाची कड धरून.
"सर, आमच्या घरात तो शब्द म्हणत नाहीत.
पणजोबानं सोडलाय.
'आहे' म्हटलं तर चालतंय का?"

पंखा तेवढा खडखडत होता.
मागच्या बाकावरून बोल्ली म्हणाला,
"सर, मी पण 'आहे' म्हणू का?"
कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं.

यल्लाप्पाला हे सांगावं की नाही,
अजून ठरत नाही.
चिकटवलेलं पान पोरीनंच उघडलं,
मी नाही, असं म्हणणं
म्हणजे पुन्हा तिलाच पुढे करणं.

मस्टरच्या रकान्यात 'ह' लिहायचा असतो.
पेन टेकवून बसलोय.
शाईचा ठिपका
मोठा होत चाललाय.