नऊशे दहा ग्रॅम

ब्रेकनच्या डोंगराआड, मेंढ्यांनी कातरलेल्या कुरणात
टेग्वेन ससाणीला आधी काट्यावर बसवते.
नऊशे दहा.
"याच्या वर गेली की येत नाही," ती म्हणते,
"पोट भरलेलं पाखरू कुणाचंच नसतं."

नेस्ट आठ वर्षांची. हातमोजा कोपराच्या वर,
आत बोटं कुठेतरी हरवलेली.
बाप मागून तिचं मनगट उचलून धरतो.
शनिवारी दहा ते पाच, एवढाच तो तिच्या वाट्याचा.
मुठीत पिल्लाचा पिवळा पाय;
"ईऽ" म्हणायचं ठरवलं होतं, राहून गेलं.

शिट्टी.
ससाणी उंच फांदीवर पिसं विंचरत बसलेली.
पुन्हा शिट्टी. घुंगरू वाजलं:
तिनं फक्त पाय बदलला.
शेजारच्या कुटुंबातली जुळी चिप्स खाऊ लागली.
बापानं घड्याळ पाहिलं,
नेस्टनं त्याला पाहताना पाहिलं.

"तिला तू आवडतेस का?"
"छे गं. कुठे मिळतं ते तिला ठाऊक आहे, बस."
"मग सोडतेस कशाला?"
टेग्वेननं नाकावरचं पाणी पुसलं.
"बांधून ठेवली की शेपटीची पिसं मोडून घेते."

आली ती आभाळातून नाहीच.
गवताला पोट घासत, मेंढ्यांच्या मधून,
शेवटच्या हातभर अंतरात वर उसळून—
दप्तराहून हलकी,
तरी हात खाली गेला. दोघांचाही.

आईच्या दारात पोचले तेव्हा पाच वीस.
डावा हात अजून तसाच, कोपरात वाकलेला.
खाली घे, असं कुणी म्हणालं नाही.