शेऱ्याचा रकाना

किनवटहून निघालो तेव्हा नळकांड्यात
मंजूर नकाशा होता, नमुना क्रमांक चार.
वीस बाय तीस, तीन अंगांना भिंत, वर पत्रा,
समोर ओटा, ओट्याच्या वर उद्घाटनाच्या पाटीची जागा.
पाटीची जागा फार मन लावून काढलेली.

पोडावर नकाशा कुणी पाहिनाच.
लेतू नायकानं तो उलटा धरला, मग आडवा,
मग उडू नये म्हणून वर तांब्या ठेवला
आणि म्हणाला, आधी जेवा.

जेवताना आयूबाई आत्रामनं विचारलं,
"तुमच्या कागदात जाळ कुठं हाय?"
मावशी, जाळ आत नसतो. नियम आहे.
ती बराच वेळ भाकर मोडत राहिली.
"मंग आत बसून करायचं काय?"

मी मोहाकडे बोट दाखवलं,
म्हटलं, हे झाड मधे येतंय.
"मोह नाय येत मधी," नायक म्हणाला,
"तुमची भिंत येते."

मग आपसात कोलामीत बोलणं सुरू झालं.
आश्रमशाळेतलं एक पोरगं माझ्यासाठी मराठी करायचं,
पण अर्धंच. हसू आलं की तेही सोडून द्यायचं.
राहिलेलं अर्धं
माझ्या कुठल्याच मापात आलेलं नाही.

उन्हं कलल्यावर आयूबाई उठली.
मोहाच्या अलीकडे चार काटक्या पेटवल्या.
भोवती एकवीस घरांची एकवीस माणसं बसवली,
त्यांच्या पाठीशी बाया, बायांच्या मांडीवर, पाठीवर, खांद्यावर पोरं.
एक जागा रिकामी. ती कुणाची?
वाटेनं येईल त्याची.
मग आजारी मारू तोडसामला खाटेसकट आणलं,
जाळाकडे तोंड करून निजवलं,
आणि त्याचे पाय कुठपर्यंत येतात ते पाहिलं.

टोपलीत राख घेऊन ती सगळ्यांच्या पाठीमागून फिरली,
सावकाश, चिमटीनं राख सोडत.
माणसं उठली, तेव्हा जमिनीवर घर होतं.

गोल नव्हतं. एका अंगाला फुगलेलं.
माझा टेप पोलादी, तो वळेना.
तेव्हा जंगू मडावीनं बांबूची ओली कांब सोलली,
रेघेवर ठेवली, आणि ती निमूट वळली.
भिंतीही बांबूच्याच ठरल्या.
सूप विणतात तशा विणायच्या,
वारा पाखडून आत घ्यायचा.

नांदेडात साहेबांनी कागद दिव्याखाली धरला.
रेघ वाकडी का?
म्हटलं, सरळ धरली तर पाय बाहेर राहतात.
कुणाचे?
संकल्पकाचं नाव, हा रकाना मी कोराच ठेवला होता,
एकवीस नावं त्यात मावत नव्हती.
शेऱ्यात लिहिलं: मारू तोडसाम, खाट, पायथा.
फाईल तीनदा परत आली.
तिसऱ्यांदा नायक स्वतः आला,
राखेचा पुडका टेबलावर ठेवून बसून राहिला.
साहेबांनी चहा मागवला. दुसरं काही सुचलं नसावं.

मंजुरी आली तेव्हा पळस फुलून गळायला लागला होता
आणि मारू नव्हता.

खांबांचे खड्डे खणायच्या दिवशी
मी आयूबाईला हळूच बाजूला घेतलं.
म्हटलं, मावशी, आता तो फुगवटा काढून टाकू का?
सहा बांबू वाचतील,
कागदही सरळ होईल.

ती हसली. दात दोनच, तरी पुष्कळ हसली.
पोरग्याकडे न बघता, थेट मराठीत म्हणाली,
"काहून? दुसरं कोणी म्हातारं होनारच नाय का?"

आणि माझ्या केसांकडे बघत राहिली.