सहावं कुलूप

आमच्याकडे नावं म्हणजे हुकूमच.
चार मुलींवर मी पाचवी, म्हणून बापानं ठेवलं बुरूल.
बुरूल, म्हणजे वळ. पुढची पाळी मुलाकडे वळावी.
ती काही वळली नाही.
मी मात्र पंचवीस वर्षं स्विच वळवतेय
नारीनच्या काठी, डोंगराच्या पोटात,
जिथं भिंतींना घाम सुटतो
आणि केबल लाकडी खुंट्यांवर टांगायची असते
कारण खाली पाणी.
कायम पाणी.

सकाळी आधी हातमोजे.
मनगटाकडून गुंडाळत आणायचे, आत हवा कोंडायची,
गालाशी धरायचे.
भोक डोळ्याला दिसत नाही, गालाला कळतं.
पोरं म्हणतात, बुरूलताई मोज्यांचे मुके घेते.
घेते.
मग टेस्टर: आधी जिवंत तारेवर,
मग बंद तारेवर, मग पुन्हा जिवंत.
टेस्टरसुद्धा खोटं बोलतो,
दमलेल्या माणसासारखा.

त्या दिवशी मोठा पंप दुरुस्तीला उघडला होता.
मेन स्विच खाली, कडीत सहा कुलपं.
ज्याचा हात आत, त्याचं कुलूप बाहेर,
किल्ली त्याच्याच खिशात.
संध्याकाळी पाच निघाली.
सहाव्यावर पांढऱ्या रंगात, वेड्यावाकड्या अक्षरात: तोक्तो.

तोक्तोसून. आधीची तीन गेली होती,
चौथ्याला आई म्हणाली, हा तरी राहू दे.
लाडानं तोक्तो.
आणि तोक्तो म्हणजे
थांब.

"घरी गेला तो," फोरमन म्हणाला,
"बसमध्ये चढताना टोपी पाहिली मी त्याची."
टोप्या सगळ्यांच्या सारख्याच.
लहान डिझेल पंप कोपऱ्यात खोकत होता,
पाणी बोटभर चढलं, मग दोन बोटं.
इंजिनिअर कटर घेऊनच आला, लांब दांड्याचा, कोरा.
"दोनशे सोमचं कुलूप आहे, बाई."
यावर एक झणझणीत उत्तर मला सुचलं,
पण दोन दिवसांनी, कपडे वाळत घालताना.
तेव्हा मी नुसतीच स्विचला पाठ लावून उभी राहिले
आणि गुडघे कापत होते.

आधी बोगदा पालथा घातला, दिवा घेऊन,
हाका मारत: तोक्तो! तोक्तो!
जो तो जागीच थांबला.
एकाचं फावडं हवेत तसंच.
तोक्तो कुठेच नव्हता.

मग जीप, अडतीस किलोमीटर, खिंडीत बर्फ.
तो गोठ्यात होता. मेंढी अडली होती,
कोपरापर्यंत हात आत.
वर न बघताच म्हणाला, "ताई, मागच्या खिशात आहे,
घ्या तुम्हीच काढून."
मी खिशाकडे बघितलं. किल्लीचा आकार दिसत होता.
"घाई नाही," म्हटलं, आणि बादलीवर बसले.
घाई होती.
कोकरू बाहेर आलं ते पाय झाडत,
त्याच्या आईनं मला शेणकुटाच्या चुलीवरचा चहा दिला, खारट,
तो प्याले. अजून काय करणार.

रात्री अकराला त्यानं स्वतःच्या हातानं
स्वतःचं कुलूप काढलं.
नखांत अजून रक्त होतं.
पाणी घोट्याला लागत होतं तेव्हा.

वहीत इंजिनिअरनं लिहिलं:
पंप पाच तास बंद, जबाबदार बुरूल.
खाली सही केली मी.
काय झालं नाही, त्याचा रकाना
त्या वहीत छापलेलाच नाही.

सकाळी पुन्हा हातमोजे.
डाव्याच्या करंगळीतून
बारीक वारा आला गालावर,
कोकरानं श्वास सोडावा एवढा.
कात्रीनं दोन तुकडे केले त्याचे,
म्हणजे काटकसर म्हणून
कुणी परत उचलायला नको.