भरलेला वजा रिकामा

खाण बंद पडून आता सातवं वर्ष.
पिसुर्ल्याच्या वळणावर टिपर उभे आहेत अजून,
चाकांत रानवेल शिरलेली,
तरी आमच्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं
की बोट लाल.

त्याच खिडकीशी बसून मी धूळ बघते.
ही नव्हे, दुसरी:
ताऱ्यांच्या बाळंतखोल्यांवर दाटलेली,
जी सगळा उजेड गिळते
आणि गिळून जराशी कोमट होते.
शून्याखाली दोनशे चाळीस अंश, एवढीच कोमट.
ती ऊब निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती.
वाटेत अवकाश ताणलं, तशी तीही ताणली,
पोचली तेव्हा लाट अर्ध्या मिलिमीटरची,
पेजेच्या कणीएवढी.

जिनं ती टिपली त्या दुर्बिणीतला
हेलियम कधीच संपला.
मागे नकाशे उरले, शेकडो चौरस अंशांचे,
करडे, दाणेदार,
ठिपक्यात ठिपका मिसळलेले.
त्यातून मी फक्त अति झगझगीत वेचते.
शंभर मिलिजान्स्कीच्या वरचे.
मग जवळच्या दीर्घिका काढते, त्यांची नावंगावं ठाऊक आहेत.
रेडिओवर कोकलणारे ब्लेझार काढते.
उरतात मूठभर,
इतक्या लांब असून इतके तेजस्वी
की खरे वाटू नयेत.

पप्पा तेवीस वर्षं काट्यावर होते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
गुलाबी पावती, खाली सही: कु. वा. गावस.
एकदा आमोण्याच्या धक्क्याला निघालेल्या दहा-टायरचा
आकडा भलताच आला.
ड्रायव्हर खूश. पप्पांनी पावती फाडली नाही.
छत्री घेऊन खाली उतरले, मागे गेले.
पाठच्या गाडीची पुढची चाकं
घाईघाईत प्लॅटफॉर्मवर चढलेली.
"आंकडो चड दिसलो जाल्यार
काट्यार आनीक कोण आसा तें पयलीं पळय,"
हे मला शाळेच्या गणितापेक्षा आधी आलं.

म्हणून प्रत्येक अति झगझगीत ठिपक्यावर
मी साध्या उजेडातला फोटो ठेवते.
आणि असतं कुणीतरी.
बरोबर रेषेत, अर्ध्या वाटेवर,
एक म्हातारी, लंबगोल, गप्प दीर्घिका.
तिच्यात धूळ नाही, नवे तारे नाहीत,
त्या ठिपक्यात तिचं स्वतःचं काहीच नाही.
नुसती उभी आहे.
तिच्या वजनानं अवकाश वाकलंय,
आणि मागचा उजेड तिला वळसा घालून येताना
दहापट होऊन येतो.

हे मी रात्री जेवताना सांगत होते.
आई म्हणाली, मग ती मधली नसती तर?
तर आम्हाला मागची दिसलीच नसती.
आई काही बोलली नाही. हुमणाची वाटी पुढे सरकवली.

गेल्या मंगळवारी
वाळवंटातल्या अँटेनांनी घेतलेलं चित्र आलं.
ठिपका नव्हताच तो.
कडं होतं, एका बाजूला तुटलेलं,
हातातून काढताना वाकलेल्या बांगडीसारखं.
पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला,
स्क्रीनला नाक लावलं.

"मधलीचं वजन किती?"

कड्याच्या रुंदीवरून काढलं होतं मी.
तीनशे अब्ज सूर्य, म्हटलं, कमीजास्त.

"भरलेला की रिकामा?"

मी थांबले.
दिसणारे सगळे तारे वजा करून पाहिले होते.
तरी जवळजवळ अर्धं वजन उरत होतं,
कशाचं ते कुणालाच माहीत नाही.
तसं सांगितलं.

पप्पा बराच वेळ बघत राहिले.
मग शर्टाच्या टोकानं स्क्रीनचा कोपरा पुसला,
टोक उलटून पाहिलं,
आणि म्हणाले,
पावती फाडू नको इतक्यात.